माऊसच्या पोटातला बॉल आठवतो? हात जिथे अडतो, तिथे धंदा असतो



सेवा केंद्र किंवा डीटीपीचं दुकान टाकायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. कॉम्प्युटर कोणता, प्रिंटर कोणता, इन्व्हर्टर किती तास चालेल, गाळ्याचं भाडं किती. या यादीत माऊस कुठे असतो? सगळ्यात खाली. "तो तर सोबतच येते ना भाऊ!" असं म्हणून आपण तो विषयच संपवतो. पण दुकान सुरू झालं की सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत आपला हात कशावर असतो? प्रिंटरवर नाही, इन्व्हर्टरवर नाही. माऊसवर.

म्हणून आज थोडा वेगळा विषय घेतोय. जुन्या माऊसचा, त्याच्या पोटातल्या बॉलचा आणि त्या बॉलच्या भावाचा, म्हणजे ट्रॅकबॉलचा. आठवणी आहेत, मजा आहे, पण धंद्याचं एक पक्कं सूत्रही आहे: माणसाचा हात जिथे अडतो, तिथे धंदा असतो. हे सूत्र या छोट्याशा गोळ्याच्या प्रवासात पायरीपायरीने दिसतं. चला तर मग.

चप्पल बाहेर, बॉल आत

ज्यांनी २००० सालाच्या आगेमागे कॉम्प्युटर क्लास लावला होता, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच येईल. गोरेगाव म्हणजे मुंबईचं नाही, आपलं गोंदिया जिल्ह्यातलं. इथे काय, आमगावात काय, साकोलीत काय, क्लास सगळीकडे सारखाच. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, आणि एका मशीनसमोर दोन-तीन पोरं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, पुढे एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्यातालुक्यात पोहोचले, आणि हजारो हातांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला.

तो माऊस जड होता, कारण त्याच्या पोटात बॉल होता. आत लोखंड, वरून रबर. माऊस उलटा करायचा, गोल झाकण बाणाच्या दिशेने फिरवायचं, की टपकन बॉल तळहातावर. पोरांना तो खेळायला लागायचा. कुठे कुठे तर बॉल गायब व्हायचे, म्हणून झाकणावर चिकटपट्टी लावलेली असायची. माऊसपॅड प्रत्येक मशीनला मिळायचा नाही. मग वहीचा पुठ्ठा, नाहीतर परीक्षेचं पॅड खाली सरकवायचं.

आणि मग तो क्षण यायचा. पेंटमध्ये घर काढून झालंय, छताची रेघ मारायची आहे, आणि बाण अडकला. आडवा जातो, उभा जात नाही. किंवा एकदम उडी मारून कोपऱ्यात. "सर, माऊस चालत नाही!" सर यायचे, बॉल काढायचे, आत नख घालून काळं काहीतरी खरवडायचे, बॉल शर्टाला पुसून परत बसवायचे. माऊस पुन्हा लोण्यासारखा चालायचा. दोन मिनिटांचं काम, पण वर्गात सरांचा भाव वाढायचा!

आत नेमकं काय चालायचं?

सर खरवडायचे ते काय होतं, हे समजून घेऊ. बॉलला चिकटून दोन बारीक रूळ असायचे, एकमेकांशी काटकोनात. एक आडवी हालचाल मोजायचा, दुसरा उभी. तिसरा एक स्प्रिंगवाला रूळ बॉलला या दोघांवर दाबून धरायचा. प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचा असलेली चकती. चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारा सेन्सर. चकती फिरली की प्रकाश दिसतो, झाकतो, दिसतो, झाकतो. किती वेळा दिसला तेवढी पावलं बाण सरकला. इतकं सोपं.

अडचण एकच. बॉल टेबलावर फिरायचा म्हणजे टेबलावरची धूळ, हाताचा घाम, वहीच्या पुठ्ठ्याचा भुगा सगळं उचलून आत न्यायचा. ते रुळांवर गोल पट्टीसारखं घट्ट बसायचं. आपला जिल्हा धानाचा. राईस मिलच्या ऑफिसातल्या माऊसला तर कोंड्याचा वेगळाच खुराक! उभी हालचाल बंद झाली की समजायचं, एक रूळ भरला. आगपेटीच्या काडीने मळ काढायचा, कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसायचं, काम झालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बिघाड कॉम्प्युटरचा नव्हता. विंडोजचा नव्हता. बिघाड हात आणि मशीन जिथे भेटतात, तिथे होता. पण ग्राहक काय म्हणायचा? "कॉम्प्युटर खराब झाला."

आधी बॉल वर होता!

आता थोडं मागे जाऊ. माऊस आधी आला आणि ट्रॅकबॉल नंतर, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे.

ट्रॅकबॉल म्हणजे उलटा केलेला माऊस. बॉल वर, डबा जागेवर स्थिर. आपण डबा हलवायचा नाही, बोटांनी नुसता बॉल फिरवायचा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी रडारच्या पडद्यावर खूण हलवण्यासाठी असा रोलर बॉल तयार केला. लष्करी काम, म्हणून गुपित राहिलं. पुढे १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या डाटार नावाच्या प्रकल्पात ट्रॅकबॉल बनला, आणि त्यासाठी चक्क बोलिंग खेळातला बॉल वापरला. साधारण सोललेल्या नारळाएवढा!

माऊस आला १९६४ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांचे हात. लाकडाची डबी, खाली बॉल नाही तर दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगेलबार्ट यांनी हजारभर लोकांसमोर तो चालवून दाखवला. १७ नोव्हेंबर १९७० ला पेटंट मिळालं. नंतर इंग्लिश झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत गेले आणि १९७२ मध्ये तिथल्या माऊसमध्ये चाकांच्या जागी बॉल आला. म्हणजे वरचा बॉल खाली गेला.

एंगेलबार्ट यांना या शोधातून किती रॉयल्टी मिळाली असेल? काहीच नाही. पेटंट संस्थेच्या नावावर होतं, आणि माऊस घराघरात पोहोचेपर्यंत त्याची मुदतही संपून गेली. कल्पना मोठी असणं आणि त्यातून धंदा उभा राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग धंदा कुणी उभा केला?

तीनशे डॉलरचा माऊस पंधरा डॉलरला

१९७९ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत माऊस पाहिला. नंतर त्यांनी डीन होव्ही नावाच्या तरुण डिझायनरला काम दिलं. होव्ही यांनी पुढे सांगितलेली मागणी ऐका: तो माऊस बनवायला तीनशे डॉलर लागतात आणि दोन आठवड्यांत बिघडतो. आपला पंधरा डॉलरच्या आत बनला पाहिजे, दोन-तीन वर्षं टिकला पाहिजे, आणि फॉर्मायकाच्या टेबलावरच नाही तर जीन्सच्या मांडीवरही चालला पाहिजे.

फॉर्मायका म्हणजे आपलं सनमायका. जॉब्स यांनी प्रयोगशाळेतलं टेबल धरलं नाही, ग्राहकाच्या घरचं टेबल धरलं. सगळी मागणी तीन ओळींत: किंमत किती, टिकायचं किती, चालायचं कशावर. आपण दुकानात नवीन सेवा सुरू करतो, तेव्हा या तीन ओळी कागदावर लिहितो का?

होव्ही यांनी काय केलं? दुकानात जाऊन रोल-ऑन डिओड्रंटच्या बाटल्या आणल्या, त्यातले बॉल काढले. लोणी ठेवायच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण घेतलं. पहिला नमुना तयार! त्यांच्या टीमने बॉल घट्ट दाबून न धरता सैल ठेवला, आणि आतला सांगाडा प्लास्टिकच्या एकाच तुकड्यात बसवला. सुट्टे भाग कमी, खर्च कमी, बिघाड कमी.

आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे ते फिरवून उघडायचं झाकण. बॉल मळणारच, हे त्यांनी मान्य केलं. मग मळूच नये म्हणून महागडा इलाज शोधत बसण्यापेक्षा ग्राहकालाच दोन मिनिटांत साफ करता यावं, अशी सोय ठेवली. आपल्या क्लासमधल्या सरांचं नख ज्या झाकणातून आत जायचं, ते झाकण म्हणजे एका धंद्याने विचार करून घेतलेला निर्णय होता. १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरसोबत हा माऊस बाजारात आला, १९८४ मध्ये मॅकिंटॉशसोबत आणखी पसरला.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं. तिथे ॲपल्स नावाचंच एक खेडं आहे. ॲपल कंपनीशी त्याचा संबंध नाही. १९८१ मध्ये तिथल्या एका शेतघरात तिघांनी लॉजिटेक कंपनी सुरू केली. सुरुवात सॉफ्टवेअरची, पण १९८२ मध्ये त्यांनी पहिला माऊस काढला, आणि २००८ मध्ये त्यांचा शंभर कोटीवा माऊस तयार झाला. "आमचं गाव लहान आहे सर, इथे काय होणार," असं जो म्हणेल, त्याला ॲपल्स खेड्याचं नाव सांगा. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांनी सगळं करायचं म्हटलं नाही. हाताखाली येणारी एक वस्तू पकडली आणि तिच्यात मुरले.

बॉल गेला. पण कुठे गेला?

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आणला. त्यात बॉलच नव्हता. खाली लाल उजेड, आणि एक छोटा सेन्सर टेबलाचे सेकंदाला १५०० फोटो काढून माऊस किती सरकला ते ओळखायचा. रूळ नाही, मळ नाही, खरवडणं नाही. किंमत उतरत गेली तसा बॉलचा माऊस काही वर्षांत दुकानांतून दिसेनासा झाला.

पण त्याचा भाऊ, ट्रॅकबॉल, मेला नाही. तो जागा शोधत फिरला.

१९८० च्या आसपास मिसाईल कमांड आणि सेंटीपीडसारख्या गेमच्या मशीनवर तो होता. १९९१ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक लॅपटॉपवर कीबोर्डच्या पुढे, मधोमध बसला, कारण मांडीवर माऊस फिरवायला जागा कुठे? १९९२ मध्ये आयबीएमच्या थिंकपॅडने कीबोर्डमध्येच लाल टिकलीसारखं बटण दिलं. १९९४ मध्ये ॲपलने टचपॅड आणला आणि लॅपटॉपवरून बॉल उतरला. २००६ मध्ये ब्लॅकबेरी पर्लच्या फोनवर मण्याएवढा बॉल चमकला, पुढे टचस्क्रीनने त्यालाही हटवलं.

आज तो कुठे आहे? तुम्ही पाहिलाय, पण लक्ष गेलं नसेल. सोनोग्राफी सेंटरमध्ये. डॉक्टरांच्या एका हातात पोटावर फिरवायचा प्रोब असतो. दुसरा हात कशावर असतो? मशीनच्या मधोमध बसवलेल्या ट्रॅकबॉलवर. बाळाच्या डोक्याचं माप घ्यायचं तर एका कडेला खूण, दुसऱ्या कडेला खूण. बॉल फिरवून खूण न्यायची आणि बटण दाबायचं. डोळे पडद्यावर, हात आपोआप बॉलवर. मशीन चाकांवर असते, माऊस फिरवायला तिथे टेबल नाही. म्हणून टचस्क्रीनच्या जमान्यातही अनेक मशीनवर बॉल आहेच. आणि गंमत पाहा, जेल आणि धूळ आत जाऊन तो बॉल आजही अडतो आणि आजही साफ करावा लागतो!

मुख्य बाजार गेला म्हणून वस्तू संपत नाही. गरज जिथे टिकून आहे, तिथे ती टिकते. माऊस मोठ्या बाजारात जिंकला. ट्रॅकबॉल कमी जागा, स्थिर हात आणि अचूक खूण लागणाऱ्या छोट्या बाजारात राहिला, आणि तिथून त्याला अजून कुणी पूर्ण हलवू शकलेलं नाही. दुसऱ्याने स्वस्तात दुकान टाकलं म्हणून घाबरण्याआधी विचारा: कोणत्या ग्राहकाची अडचण फक्त माझ्याकडेच नीट सुटते?

आता आपल्या दुकानाचं बोलू

हिशेब मांडू. समजा, तुमच्या केंद्रात रोज ४० फॉर्म भरले जातात. माऊस अडखळतो, बाण नीट बसत नाही, म्हणून प्रत्येक फॉर्ममागे फक्त एक मिनिट जास्त जातं. दिवसाला ४० मिनिटं. महिन्याचे २५ दिवस धरले तर १००० मिनिटं. म्हणजे १६ तास ४० मिनिटं. जवळजवळ दोन दिवसांची मेहनत, एका दुर्लक्षित माऊसपायी. त्यात शेवटच्या तारखेची गर्दी आली की रांगेतला माणूस काय म्हणतो? "चला, समोरच्याकडे जाऊ."

म्हणून पाच गोष्टी करा.

पहिली, आजच्या माऊसचाही मळ असतो. लाल उजेडाच्या भोकात केस, धूळ अडकते, आणि खालच्या गुळगुळीत पट्ट्यांवर थर बसतो. दर सोमवारी दुकान उघडताना कोरड्या ब्रशने आणि कापसाने पुसा. काउंटरवर काच टाकली असेल तर तिच्यावर साधा ऑप्टिकल माऊस नीट चालत नाही, खाली पॅड ठेवा.

दुसरी, एका क्लिकला दोन क्लिक होऊ लागले तर तो माऊस त्या क्षणी बाजूला करा. आतला बारीक स्विच झिजलेला असतो. टायपिंगला तो त्रास फक्त वैताग देतो, पण पैसे भरायच्या बटणावर दोनदा क्लिक गेलं तर ग्राहकाशी भांडणाची वेळ येते. एक जादा माऊस खणात नेहमी ठेवा.

तिसरी, हात हे तुमचं भांडवल आहे. माऊस हाताच्या मापाचा घ्या, दुकानात हातात धरून बघा. मनगट हवेत लटकत असेल तर खुर्ची नाहीतर टेबलाची उंची बदला. काउंटर अगदी अरुंद असेल तर ट्रॅकबॉल हा चांगला पर्याय आहे, कारण तो जागचा हलत नाही. पण अंगठ्याने फिरवायच्या प्रकारात अंगठा दुखू शकतो. आधी कुणाचा तरी वापरून बघा, मगच पैसे घाला. हात दुखतच राहिला तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

चौथी, सफाई आणि देखभाल हाच धंदा करता येतो. आपल्या तालुक्यात शाळा आहेत, ग्रामपंचायती आहेत, पतसंस्था आहेत, राईस मिलची ऑफिसं आहेत. प्रत्येक ठिकाणी धुळीने अडलेली दोन-चार मशीन तरी सापडतील. एका ऑफिसात किती मशीन, तीन महिन्यांतून एक फेरी, कोणती कामं त्यात येतात आणि कोणती नाहीत, हे एका पानावर लिहा आणि वर्षाचा दर सांगा. गोंदियाहून किंवा नागपूरहून माणूस बोलवायचा तर त्यांना दिवस मोजावे लागतात. "उद्या सकाळी येतो," हे तुम्ही म्हणू शकता. तीच तुमची ताकद. सोनोग्राफी मशीनपासून मात्र लांब राहा. त्यावर १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा कडक आहे, ते काम अधिकृत कंपनीच्या माणसाचं.

पाचवी, समोरच्याला बोलतं करा. ग्राहक म्हणेल "कॉम्प्युटर खराब झाला." तुम्ही विचारा, "काय करताना अडलं जी? दाखवा बरं करून." त्याचा हात बघा. दहा वेळा बघाल तर चार वेळा अडचण मशीनमध्ये नाही, हात आणि मशीनच्या मध्ये सापडेल. मंडईच्या नाटकाचं पोस्टर बनवायला आलेला कार्यकर्ता असो की लग्नपत्रिका छापायला आलेला मुलीचा बाप, तो कुठे थांबतो, कुठे गोंधळतो, ते पाहणारा दुकानदार दुसऱ्यापेक्षा पुढे जातो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या दुकानात, किंवा तुम्हाला जो धंदा सुरू करायचा आहे तशा एखाद्या दुकानात, एक तास नुसते बसा. मोबाईल खिशात. फक्त हात बघा. ग्राहकाचे हात, मालकाचे हात. कुठे थांबतात, कुठे पुन्हा तेच करतात, कुठे डोकं खाजवतात. वहीत पाच जागा लिहा. मग प्रत्येक जागेसमोर जॉब्स यांनी होव्हींना सांगितल्या तशा तीन ओळी लिहा: किंमत किती बसली पाहिजे, किती दिवस टिकली पाहिजे, आणि कोणाच्या टेबलावर चालली पाहिजे.

त्या पाचमधली एक जागा तुमचा धंदा असू शकते. आणि घरात माळ्यावर जुना बॉलचा माऊस सापडलाच, तर फेकू नका. झाकण फिरवा, बॉल पोरांच्या हातात द्या आणि आतले दोन रूळ दाखवा. उघडून बघायची सवय लहानपणी लागली, तर पुढे धंद्यात फार कामाला येते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, हात चालू द्या!